ताराबाईच्या बांगड्या

दिनकररावांनी जेवायला तोंड उघडायचं सोडलं, तो दिवस सोमवार होता. विमलनं मऊ खिचडीचा चमचा ओठांशी नेला, त्यांनी ओठ मिटले, आणि मग ते उघडलेच नाहीत. मंगळवारी तेच, बुधवारी तेच. आडनाव बोबडे आणि धंदा रेडिओवर बोलण्याचा, म्हणून उभ्या नागपूरनं ज्याची प्रेमानं टिंगल केली, ते तोंड पंच्याऐंशीव्या वर्षी कुलूप घातल्यासारखं बंद झालं.

विसरण्याचा आजार सहा वर्षं जुना होता. आधी चष्मा हरवायचा, मग रस्ते हरवू लागले, मग मुलीचं नाव गेलं. विमलचं नाव सगळ्यात शेवटी गेलं, एवढंच काय ते तिचं भाग्य. गेल्या दिवाळीपासून ते तिला ‘बाई’ म्हणत. तेही अगदी अदबीनं, ‘बाई, जरा पाणी देता का?’ असं. अठ्ठावन्न वर्षांच्या संसारात या माणसानं पाणी कधी मागितलं नव्हतं, नुसता हात पुढे केला होता. आता तो अदब दाखवतोय आणि आपल्याला रडू येतंय, याचं विमललाच नवल वाटे.

डॉक्टर म्हणाले, चार दिवस बघू, नाहीतर नाकातून नळी घालावी लागेल. नळी घातली की हे ती उपटणार, उपटू नये म्हणून हात बांधावे लागणार, हेही त्यांनी सांगून टाकलं. विमलनं मान डोलावली. घरी येऊन तिनं नवऱ्याचे हात पाहिले. बारीक, लांब बोटांचे, कागद धरायची सवय असलेले. हे हात खाटेला बांधलेले तिला डोळ्यांसमोर आणवेनात.

पुण्याहून मंजिरीनं, म्हणजे मुलीनं, फोनवर फोन करून एका संस्थेचा पत्ता काढला आणि गुरुवारी सकाळी प्राची नंदनवार दारात उभी राहिली. पस्तिशीची, पाठीवर पिशवी, पिशवीत लाकडी पेटीएवढं यंत्र. नागपूरचीच असल्यामुळे पाणी पिता पिताच तिनं नातं जोडलं आणि विमलला आजी करून टाकलं.

यंत्राबद्दल तिनं सांगितलं ते विमलला पहिल्या फटक्यात कळलं, कारण पोरीला सांगायची हातोटी होती. आठवणी म्हणे सगळ्या एका फडताळात नसतात. नव्या वरवर ठेवलेल्या, त्या आधी पडतात. पण जे वर्षानुवर्षं घोकलं, ठेक्यात म्हटलं, कानानं पुन्हा पुन्हा ऐकलं, ते मेंदूच्या फार खोलच्या भागात मुरतं. म्हणून पोटच्या पोराला न ओळखणारा म्हातारा आरती मात्र शेवटच्या कडव्यापर्यंत म्हणतो. असा मुरलेला एखादा आवाज कानावर पडला, तर त्याच्याबरोबर जोडलेल्या बाकीच्या हालचालीही जाग्या होतात. बोलणं, हसणं, गिळणंसुद्धा. मात्र नुसतं जुनं ध्वनिमुद्रण लावून भागत नाही. रोगी बोलतो आणि ध्वनिमुद्रण उत्तर देत नाही, मग तो बिथरतो. म्हणून उत्तर देणारा आवाज घडवायचा.

“त्याला दोन गोष्टी लागतात आजी,” प्राची म्हणाली, “गळा आणि स्वभाव.”

गळा जुन्या मुद्रणातून काढता येतो. श्वास कुठे घेते, ‘च’ कसा म्हणते, वाक्य संपताना सूर कुठे नेते, यावरून यंत्र त्या माणसाच्या तोंडाची आणि घशाची मापंच मोजतं. स्वभाव काढायचा तो बोललेल्या वाक्यांवरून. असं विचारलं की हा माणूस काय म्हणतो, तसं विचारलं की काय. पुरेशी वाक्यं मिळाली की यंत्र नवी वाक्यं त्याच स्वभावानं बोलतं. तेव्हा प्रश्न एकच, आजोबांच्या कानात सगळ्यात खोल मुरलेला आवाज कुणाचा?

उत्तर मंजिरीनं आधीच देऊन ठेवलं होतं. ताराबाईचा.

 कपबशा उचलून विमल आत गेली आणि विसळलेल्याच पुन्हा विसळत बसली.

आता ही ताराबाई कोण, ते सांगायला हवं. सन अठ्ठ्याहत्तरमध्ये नागपूरच्या रेडिओवर दर बुधवारी संध्याकाळी सव्वासातला पंधरा मिनिटांची एक विनोदी श्रुतिका लागायची, ‘बुधवारचा फराळ’. त्यात भाऊसाहेब आणि ताराबाई हे नवरा-बायको. भाऊसाहेब दर बुधवारी नवं खूळ घेऊन यायचे. गच्चीवर कोंबड्या पाळतो, नगरसेवकाला उभा राहतो, फटफटी घेतो. ताराबाई त्या खुळाची अशी काही चिरफाड करायची की शेवटी भाऊसाहेब हताश सुरात म्हणायचे, “बरं, राहिलं.” मग बांगड्या किणकिणायच्या, बशीवर कप टेकल्याचा आवाज व्हायचा, म्हणजे ताराबाईनं चहा दिला. भाग संपला. इतवारीतले दुकानदारसुद्धा भाव तुटला नाही की ‘बरं, राहिलं’ म्हणत.

भाऊसाहेब म्हणजे दिनकर बोबडे. ताराबाईचा आवाज निर्मला करंदीकरांचा. त्या पुण्याच्या, नवऱ्याच्या बदलीमुळे इकडे आलेल्या, खडीसाखरेसारखं स्वच्छ बोलणाऱ्या. आणि बांगड्या विमलच्या. तेव्हाची मिस ढोके, वय वर्षं एकवीस. स्टुडिओच्या कोपऱ्यात एका लाकडी पडद्याआड तिचं राज्य होतं. तिथे वाळूचं तसराळं, एक नुसती दाराची चौकट, करवंट्या, सुपात तांदूळ, कपबशी. पाऊस पाडायचा, घोडा दौडवायचा, दार करकरवायचं, सगळं तिनं. संहितेत या जागा लाल शाईनं अधोरेखित केलेल्या असत आणि त्या जागेला सगळे ‘क्यू’ म्हणत. निर्मलाताई बोलताना हातवारे करायच्या, त्यांच्या बांगड्या भलत्याच जागी वाजायच्या, म्हणून मायक्रोफोनपुढे जाण्याआधी त्या बांगड्या काढून मिस ढोकेच्या हातात चढवायच्या. तेव्हा लोकांनी ऐकली ती ताराबाई दोघींची मिळून होती. गळा एकीचा, हात दुसरीचे. नाव मात्र निवेदनात एकीचंच यायचं.

विमलला मायक्रोफोनपुढे कधी उभं केलं नाही. ती ‘करून राहिली, जाऊन राहिली’ असं बोलायची, आणि ताराबाईच्या तोंडी ते चाललं नसतं. त्याचं तिला वाईट वाटलं नाही. वाईट नंतर वाटू लागलं, लग्नानंतर. रस्त्यात लोक दिनकररावांना थांबवून विचारत, ताराबाई नाही आल्या? बायको शेजारीच उभी असायची. निर्मलाताई दोन हजार नऊ साली वारल्या, तेव्हा अर्धं शहर दिनकररावांकडे समाचाराला आलं. येणाऱ्या प्रत्येकाला विमलनं चहा दिला.

आणि आता त्या पुन्हा घरात येणार होत्या.

रेडिओ केंद्रावरची मुद्रणं शिल्लक नव्हती. वर्ध्याच्या एका हौशी श्रोत्यानं मात्र एकसष्ट भाग घरच्या टेपरेकॉर्डरवर टिपून ठेवले होते. त्याच्या नातीनं त्या कॅसेटी काढून दिल्या आणि एकशे चाळीस भागांच्या संहिता कुणा लेखकाच्या ट्रंकेत सापडल्या. शनिवारी प्राचीनं पेटी दिनकररावांच्या खुर्चीसमोर टीपॉयवर ठेवली. सहावा उपास चालू होता. पेटीतून आवाज आला.

“अहो, ऐकलंत का? आज कोणतं खूळ घेऊन आलात?”

विमलच्या अंगावर काटा आला. तोच गळा, वाक्य संपताना तोच वर चढणारा सूर. मेलेलं माणूस बोलतं म्हणजे काय, ते तिला तेव्हा समजलं. दिनकररावांनी मान वर केली. डोळे हलले. आवाज पुन्हा काहीतरी म्हणाला. ते ऐकत राहिले, ऐकता ऐकता कपाळाला आठ्या पडल्या, आणि कितीतरी दिवसांनी त्यांनी एक वाक्य सलग उच्चारलं.

“ही तारा नाही. बांगड्या कुठायत?”

प्राचीला अर्थ कळेना. मग तिनं कॅसेटींची मूळ नोंद उघडली आणि कपाळावर हात मारला. त्या मुद्रणांत घरगुती गदारोळ फार होता, पंख्याची घरघर, कुकरच्या शिट्ट्या, कुत्र्याचं भुंकणं. यंत्रानं सगळा कचरा काढून टाकला होता, आणि बारीक, तीक्ष्ण, क्षणभर वाजणारा आवाज म्हणून बांगड्याही कचऱ्यातच गेल्या होत्या. तिला त्या परत घालायला आठवडा लागला असता. आठवडा कुणाकडे होता?

विमल उठली. देवघराच्या खणात हिरव्या काचेच्या डझनभर बांगड्या होत्या, हळदीकुंकवाला कुणी कुणी दिलेल्या. हात सुकल्यामुळे त्या सरसर चढल्या. कपबशी घेऊन ती दिनकररावांच्या खुर्चीमागे स्टुलावर बसली, त्यांना दिसणार नाही अशी. प्राचीला म्हणाली, लाव.

“अहो, ऐकलंत का?” पेटी म्हणाली, आणि विमलनं मनगट एकदा हलवलं. अठ्ठावन्न वर्षांनी, तरी जागेवर.

दिनकरराव हसले. खुर्चीत ताठ बसले, डावा हात हवेत असा धरला की त्यात संहितेचा कागद असावा, आणि भाऊसाहेबांच्या आवाजात म्हणाले, “तारे, मी ठरवलंय. मी पोहायला शिकणार.” पुढची दहा मिनिटं ताराबाईनं त्यांना पोहणं, पाणी, त्यांचं पोट आणि चड्डीची नाडी यावरून असं झोडपलं की प्राची तोंडावर ओढणी धरून हसली. शेवटी ते म्हणाले, “बरं, राहिलं.” विमलनं बांगड्या वाजवल्या, बशीवर कप टेकवला. भाग संपला. मग ती खुर्चीला वळसा घालून पुढे आली, हातात खिचडीची वाटी घेऊन, पुन्हा ‘बाई’ होऊन. त्यांनी तोंड उघडलं.

त्या दिवशी त्यांनी वाटीभर खिचडी खाल्ली आणि विमल स्वयंपाकघरात जाऊन ओट्याला टेकून रडली. सुखानंच रडली, हे सांगायला हवं.

मग तो नेमच झाला. जेवणाआधी एक भाग, दिवसातून दोनदा. महिन्याभरात वजन दोन किलो वाढलं. मंजिरी फोनवर भाग बघून म्हणायची, आई, बाबांचा चेहरा बघ कसा उजळलाय. विमलला तो चेहरा दिसत नव्हता, ती मागे बसायची ना. तिला दिसायचं ते टक्कल आणि कानामागची पांढरी लव. एकदा प्राचीनं बांगड्यांचा आवाज यंत्रात घालून आणला, आजींना त्रास नको म्हणून. दिनकररावांनी पहिल्याच किणकिणीला तोंड फिरवलं. यंत्राच्या बांगड्या दर वेळी एकसारख्या वाजत. तेव्हा विमल स्टुलावर कायम झाली. मनातून तिला बरं वाटलं. सवतीच्या गळ्याला का होईना, आपले हात लागतात.

आणि मग एका मंगळवारी, दुपारच्या भागाआधी, दिनकररावांनी हवेतला कागद खाली ठेवला. इकडेतिकडे पाहिलं. आवाज खाली आणून म्हणाले, “ताई, मायक्रोफोन बंद आहे ना? एक विचारायचं होतं.”

 ताई म्हणजे निर्मलाताई. ते भाऊसाहेब राहिले नव्हते, दिनकर झाले होते, तिशीच्या आतले.

“आता आणखी कोणतं नवीन खूळ?” पेटी ठसक्यात म्हणाली.

ते लाजून हसले. “खूळच म्हणा. ती पडद्यामागची ढोके आहे ना, इफेक्टवाली. तिला लग्नाचं विचारावं म्हणतोय.”

या क्षणाबद्दल विमलला आयुष्यभर एवढंच ठाऊक होतं की एका बुधवारी मुद्रण संपल्यावर कँटीनचे दोन चहा हातात घेऊन हा माणूस पडद्याआड आला आणि म्हणाला, ‘मिस ढोके, हा चहा खराखुरा आहे. घ्याल का?’ आणि मग पुढचं. त्याच्या आदल्या दिवशी कुठे काय घडलं, हे तिला कधी कुणी सांगितलं नव्हतं. आज ते तिच्या कानांदेखत घडत होतं. 

“लग्न?” पेटी म्हणाली. “तुम्हाला स्वतःचा सदरा सरळ घालता येत नाही, बटणं एकाआड एक लावता. आणि पोरगी कुठली शोधलीत, तर ‘येऊन राहिली, जाऊन राहिली’ म्हणणारी! ती येते की राहते की जाते, हे कळायलाच तुमचा जन्म जायचा.”

दिनकरराव आधी हसले. मग हसू ओसरलं. त्यांनी म्हणून पाहिलं की ती मनानं फार चांगली आहे. ताराबाईनं मनाचंही लोणचं घातलं. त्यांनी म्हटलं, तिच्या हातात जादू आहे, सुपातल्या तांदळातून पाऊस काढते. ताराबाई म्हणाली, मग छत्री घ्या, बायको कशाला? एकशे चाळीस बुधवार तिनं हेच केलं होतं. नवरा काही घेऊन आला की त्यावर पाणी ओतायचं. यंत्राला तिचा तेवढाच स्वभाव माहीत होता.

 दिनकररावांचे खांदे खाली आले.

“बरं, राहिलं,” ते म्हणाले.

या वाक्याला उभं नागपूर हसायचं. विमलच्या हातातून बांगड्या वाजल्या नाहीत. वाजवायच्या आहेत हेच ती विसरली. दिनकरराव वाट बघत राहिले, मान किंचित तिरपी करून, जसे स्टुडिओत बघायचे. अर्धा मिनिट. मग ते अस्वस्थ झाले. विमल वाटी घेऊन पुढे आली तर ओठ मिटलेले. भाग संपला नव्हता. ती परत मागे गेली, स्टुलावर बसली, बांगड्या वाजवल्या, कप टेकवला. मग पुढे आली. त्यांनी तोंड उघडलं.

दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. तिसऱ्या दिवशीही. रोज दुपारी त्यांच्या मनात तो विचार पहिल्यांदाच यायचा, तितकाच ताजा, आणि रोज ताराबाई तो मोडून काढायची. विमलला रोज नकार मिळत होता आणि नकाराची घंटाही तिनंच वाजवायची होती.

चौथ्या दिवशी, भांडी पुसता पुसता, तिला एक आठवलं आणि हातातलं पातेलं तसंच राहिलं. चहाच्या त्या बुधवारच्या आदल्या दिवशी, तालमीच्या वेळी, निर्मलाताई तिच्या कोपऱ्यात आल्या होत्या. बांगड्या चढवता चढवता म्हणाल्या होत्या, ‘उद्या जरा ती निळी साडी नेस गं, तुला शोभते.’ विमलला वाटलं होतं, दिल्लीचे कुणी साहेब येणार असतील. अठ्ठावन्न वर्षं तिला तसंच वाटत आलं होतं.

म्हणजे ते खरंच त्यांना विचारायला गेले होते. आणि खऱ्या निर्मलाताई हो म्हणाल्या होत्या. जिच्या नावानं आपण जन्मभर मनात बोटं मोडली, तिनंच आपला संसार जोडून दिला होता, आणि तिचं ते बोलणं कुठल्याच कॅसेटवर नव्हतं, कारण तेव्हा मायक्रोफोन बंद होता. विमलला इतकी शरम वाटली की तिनं एकटीनंच, स्वयंपाकघरात, मेलेल्या बाईला हात जोडले.

तिनं प्राचीला बोलावून सगळं सांगितलं. एवढं एक वाक्य बदल, म्हणाली. प्राचीचेही डोळे भरून आले होते. पण ती कचरत होती. ताराबाई कधी सरळ बोललेलीच नाही, तेव्हा तिच्या गळ्यात सरळ वाक्य घातलं तर ते कसं उतरेल, सांगता येत नाही, म्हणाली. विमल अडून बसली. तिला आणखी काही नको होतं. फक्त हो.

दुपारी दिनकररावांनी कागद खाली ठेवला, आवाज खाली आणला, विचारलं. पेटी म्हणाली, “विचारा तिला. चांगली मुलगी आहे. ती हो म्हणेल.”

शब्द बरोबर होते. सूर मात्र ताराबाईचाच, वाक्याच्या शेवटी वर चढणारा, त्यामुळे चेष्टा केल्यासारखं वाटलं, नि नीट चेष्टाही नाही. विमललासुद्धा ते खोटं वाटलं.

दिनकररावांनी पेटीकडे रोखून पाहिलं. चेहऱ्यावरचा रंग उतरत गेला.

“तारा असं म्हणणार नाही,” ते सावकाश म्हणाले, “आणि ताईंचा आवाज असा नाही. मग ही कोण आहे?”

ते खुर्चीतून उठायला लागले. विमलनं सगळं विसरून पुढे धाव घेतली, त्यांचे हात धरले, म्हणाली, “अहो, मी आहे ना. मी विमल. तुम्ही विचारलं होतं मला, मी हो म्हटलं होतं. काहून घाबरून राहिले?”

त्यांनी एका अनोळखी म्हातारीकडे पाहिलं. त्यांना तिची भीती वाटली, पण आवाज अजूनही अदबीचा होता.

“बाई, हळू बोला. लाल दिवा लागलाय, मुद्रण चालू झालंय. तुमचा आवाज त्यात जाईल.”

दोन दिवस त्यांनी तोंड उघडलं नाही. तिसऱ्या दिवशी प्राचीनं जुनीच ताराबाई परत आणून बसवली, जशी होती तशी. जाताना ती दाराशी रेंगाळली. म्हणाली, आजी, आमच्याकडे त्यांचं जे बोललेलं आहे तेवढ्याच त्या आहेत. बाकीच्या निर्मलाबाई आमच्याकडे नाहीत. विमल म्हणाली, ठाऊक आहे बाळा, तुझा काय दोष. मंजिरीला तिनं यातलं काही सांगितलं नाही. फोनवर मंजिरी वजन विचारायची, विमल वजन सांगायची.

पेटी बंद करायचा विचार तिच्या मनात आला नाही असं नाही. एकदा तर तिनं बटणावर बोटही ठेवलं. पण मग ते हात डोळ्यांसमोर आले, खाटेला बांधलेले. तिनं बोट काढून घेतलं. नकार ऐकून कुणी मरत नाही, उपाशी राहून मरतं, एवढा हिशेब तिला येत होता.

पुढच्या बुधवारी दुपारी ती स्टुलावर बसली तेव्हा तिनं निळी साडी नेसली होती. ती जुनी नव्हे, ती केव्हाच बोहारणीकडे गेली. पण निळी. का नेसली, ते तिलाही सांगता आलं नसतं. खुर्चीमागून ती दिसणार नव्हतीच.

“ताई, मायक्रोफोन बंद आहे ना?” दिनकररावांनी विचारलं.

पुढचं सगळं झालं. सदऱ्याची बटणं झाली, येऊन राहिली-जाऊन राहिली झालं, छत्रीही झाली. विमल ऐकत होती. आता तिला पुढचं वाक्य आधीच पाठ असे. दिनकररावांचे खांदे खाली आले. पण आज ते तिथेच थांबले नाहीत. म्हणाले, “ताई, एक करा. तिला यातलं काही कळू देऊ नका. उगाच वाईट वाटेल तिला.”

“मला काय पडलंय सांगायचं?” पेटी म्हणाली.

“आणि बांगड्या तिच्याच राहू द्या. दुसरी कुणी आणू नका. तिच्या बांगड्या वाजल्या की मला पुढचं सुचतं.”

पेटीला यावर काही सुचलं नाही. असलं वाक्य एकशे चाळीस भागांत कुणी बोललं नव्हतं.  विमलचा हात आपोआप वर गेला, त्यांच्या खांद्याच्या दिशेनं, आणि बांगड्या वाजू नयेत म्हणून तिनं दुसऱ्या हातानं त्या घट्ट धरल्या. अजून क्यू आला नव्हता.

“बरं,” दिनकरराव म्हणाले, “राहिलं.”

विमलनं हात मागे घेतला. बांगड्या सोडल्या, मनगट एकदा हलवलं, आणि बशीवर कप टेकवला. आवाज स्वच्छ आला. मग तिनं पदरानं तोंड पुसलं, ओट्यावरची वाटी आणली आणि खुर्चीला वळसा घालून पुढे आली. दिनकररावांनी तोंड उघडलं. दोन घास गिळल्यावर त्यांनी वर पाहिलं.

“बाई, खिचडी चांगली जमलीय हो आज,” ते म्हणाले.

तिनं पुढचा चमचा भरला.